दसऱ्याचा कीस, दिवाळीची मोड : सणासुदीत भंगाराचे दर का हलतात?

बेळगाव : खंडेनवमीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत उद्यमबागमध्ये चक्कर टाकली की वर्कशॉपच्या दारोदारी लोखंडी किसाची पोती रचलेली दिसतात. यंत्रे धुऊन-पुसून हळदकुंकू लावायचे तर लेथखाली साचलेला कीस आधी हलवायला हवा. त्याच्यासोबत तुटकी हत्यारे, गंजके शाफ्ट, नाकारलेली कास्टिंग असा वर्षभर कोपऱ्यात पडलेला मालही बाहेर निघतो. टेम्पो येतो, काटा होतो आणि गेल्या आठवड्यापेक्षा रेट कमी कसा, यावरून थोडी वादावादीही होते. तीन आठवड्यांनी तोच प्रकार घरोघरी. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे पितळी पातेले, चेपलेला जर्मनचा टोप, बंद पडलेला कूलर खाली येतो आणि गल्लीतल्या भंगारवाल्याशी घासाघीस सुरू होते.

बाजारात याबद्दल दोन समजुती आहेत. एक, सणाला भंगार उतरते. दुसरी, सण झाला की भंगार चढते. दोन्ही एखाद्या वर्षी खऱ्या ठरतात आणि पुढच्याच वर्षी सपशेल फसतात. याचे कारण सणात नाही, सणाच्या सुट्टीत आहे. भंगार गोळा करणारे लोक वेगळे आणि ते वितळवणारे वेगळे. दोघांची सुट्टी एकाच दिवशी सुरू होत नाही, एकाच दिवशी संपतही नाही. मधल्या चार-आठ दिवसांत कोण आधी कामावर आला, यावर रेटची दिशा ठरते.

माल कुठून कुठे जातो

घरातले भंगार आधी फेरीवाल्याकडे जाते. त्याच्याकडून गल्लीच्या तोंडावरच्या दुकानात, तिथून गावाबाहेरच्या मोठ्या गोदामात. गोदामात निवड होते : जाड लोखंड वेगळे, पत्रा वेगळा, बीड वेगळे, तांबे-पितळ-ॲल्युमिनियम आणखी वेगळे. कारखान्यातला माल बहुतेक वेळा फेरीवाल्याला वगळून थेट गोदामात येतो. पुढे बीड, पंचिंग आणि पत्र्याचे बंडल फाउंड्रीत जाते. बेळगावात उद्यमबाग, मच्छे, होनगा आणि पलीकडे कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव हे दोन्ही पट्टे एकाच महामार्गावर आहेत. त्यामुळे इकडचा माल तिकडे आणि तिकडचा इकडे जाण्याला राज्याची हद्द आड येत नाही, फक्त कागद वाढतात. सळई बनवणाऱ्या भट्ट्यांचे गणित निराळे. त्यांचे मराठी मुलखातले मोठे केंद्र जालना.

फाउंड्रीवाला फक्त भंगारावर अवलंबून नसतो, हेही लक्षात घ्यायला हवे. कोप्पळ भागातून किंवा गोव्यातल्या आमोण्याहून येणारे पिग आयर्न हा त्याचा दुसरा कच्चा माल. ब्लास्ट फर्नेस दिवाळीला बंद ठेवता येत नाही, ती बाराही महिने पेटती लागते. म्हणून सणानंतर बिडाचा रेट फारच वर गेला तर फाउंड्री घाण्यात पिग आयर्नचे प्रमाण वाढवते आणि भंगाराचा रेट तिथेच अडतो. सणाचा कितीही गाजावाजा झाला तरी बीड अमुक एका मर्यादेपलीकडे जात नाही, त्यामागे हे मोठे कारण आहे. पत्र्याला आणि जाड लोखंडाला असा थेट पर्याय फाउंड्रीकडे नाही. तिथे चढ-उतार जास्त दिसतो.

दसरा ते तुळशीचे लग्न

वर्षातला खरा गोंधळाचा काळ हाच. वाहन आणि ट्रॅक्टर कंपन्या सणाच्या विक्रीसाठी आधीच माल तयार करून ठेवतात. त्यामुळे त्यांना सुटे भाग देणाऱ्या फाउंड्रींची धावपळ गणपतीपासून दसऱ्यापर्यंत चालते. या दिवसांत भट्टी पूर्ण क्षमतेने चालू, मागणी चांगली. मग खंडेनवमीला किसाचा लोंढा येतो. पण किसाला एरवीही जाड लोखंडापेक्षा कमीच भाव मिळतो. त्यात तेल असते, तो लवकर गंजतो आणि भट्टीत घातल्यावर त्याची जळ-घट जास्त. एकाच वेळी भरपूर आला तर त्याचा रेट पडणारच. या आठवड्यात कीस पडला म्हणून सगळेच भंगार पडले, असा निष्कर्ष मात्र काढू नये.

दिवाळीच्या आधीचे आठ-दहा दिवस वेगळे असतात. गोदामवाल्याला कामगारांचा बोनस द्यायचा असतो, ज्यांच्याकडून माल उचलला त्यांची देणी मिटवायची असतात, वहीपूजनापूर्वी जुना हिशोब बंद करायचा असतो. त्याला माल नको, रोकड हवी असते. दुसरीकडे फाउंड्री सुट्टीच्या तोंडावर असते. आठवडाभर अंगणात पडून राहणारा माल आज कशाला घ्यायचा, असा तिचा विचार. विकणारे घाईत आणि घेणारा निवांत, म्हणजे रेट मऊ. फेरीवाला या साखळीच्या शेवटच्या टोकाला. त्याच्या घरी तर फराळाचे सामान, पोरांचे कपडे सगळे एकाच आठवड्यात आणायचे असते.

नरकचतुर्दशीपासून भाऊबीजेपर्यंत खरे म्हणजे रेट नसतोच. फोनवर जो सांगितला जातो तो नुसता आकडा, त्या आकड्याला माल देणारा नाही आणि घेणाराही नाही. व्हॉट्सॲपवर या दिवसांत फिरणारे भाव पाहून कोणी विक्रीचा निर्णय घेत असेल, तर थांबलेले बरे.

पुढचे दहा दिवस महत्त्वाचे. स्थानिक कामगार भाऊबीज आटोपून परत येतो. पण या पट्ट्यातल्या फाउंड्रींमध्ये भट्टीवर, मोल्डिंगला आणि फेटलिंगला बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडचे हात मोठ्या संख्येने आहेत. बिहार-पूर्वांचलच्या माणसाची दिवाळी छठपूजेशिवाय पुरी होत नाही. छठ कार्तिक शुद्ध षष्ठीला, म्हणजे दिवाळीनंतर सहाव्या दिवशी. त्यानंतर रेल्वेचे आरक्षण मिळेल तसा माणूस परततो. तो येईपर्यंत भट्टी एका पाळीत चालते किंवा चालतच नाही. काही मालक ही सुट्टी सत्कारणी लावतात, इंडक्शन भट्टीचे आतले अस्तर काढून नवे ठोकतात. नवे अस्तर हळूहळू तापवून पक्के करावे लागते, त्यामुळे पहिल्या दिवशी लगेच पूर्ण माल ओतता येत नाही.

आता फेरीवाला आणि गोदामातला हमाल जर स्थानिक असेल, तर तो भाऊबीजेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कामाला लागतो. दिवाळीत घराघरांतून निघालेला माल गोदामात साचायला लागतो आणि भट्टी अजून थंड. अशा वर्षी सणानंतरही भंगार चढत नाही. उलट फाउंड्रीकडे ऑर्डर तुंबलेल्या असतील, कामगार वेळेत आले असतील आणि माल गोळा करणारेच गावी अडकले असतील, तर चार दिवसांत रेट उसळतो. म्हणजे सणानंतर काय होईल हे ओळखायचे तर पंचांगाबरोबर फाउंड्रीच्या गेटवरही नजर हवी. पाळ्या किती चालू आहेत हे विचारले तरी निम्मे उत्तर मिळते.

सतरा पैसे आणि दोन रुपये

या सगळ्यात कोणाचे किती जाते, हे एका उदाहरणाने पाहता येईल. आकडे केवळ हिशोबासाठी धरले आहेत, आजचा बाजारभाव म्हणून नव्हे.

समजा, एखाद्या फाउंड्रीने दिवाळीपूर्वी २० टन माल किलोला ३५ रुपयांनी घेऊन ठेवला. रक्कम झाली ७ लाख. बँकेचे व्याज वर्षाला १२ टक्के धरले तर दिवसाला साधारण २३० रुपये, पंधरा दिवसांचे ३,४५० रुपये. २० हजार किलोवर वाटले तर किलोमागे सुमारे १७ पैसे. जागा आणि थोडा गंज धरला तरी पंधरा दिवस माल सांभाळण्याचा खर्च किलोला रुपयाच्या आतच राहतो. म्हणजे ज्याच्याकडे बँकेची मर्यादा शिल्लक आहे, त्याला दिवाळीपूर्वीची मंदी ही खरेदीची संधी असते. मोठे घेणारे तेच करतात.

आता फेरीवाल्याकडे बघा. त्याने महिनाभरात जमवलेले २०० किलो लोखंड सणाच्या गरजेपोटी किलोला दोन रुपये कमी घेऊन दिले, तर त्याचे ४०० रुपये गेले. पंधरा दिवस थांबला असता तर वाचले असते, असे म्हणणे सोपे आहे. थांबायला त्याच्याकडे ना जागा, ना पैसा. शिवाय अनेकांनी गोदामवाल्याकडून आधीच उचल घेतलेली असते. उचल घेतली की माल त्याच गोदामात द्यायचा, त्याच्याच काट्यावर आणि त्याच्याच रेटने. सणाच्या तोंडावर उचल वाढते, म्हणून मोलभावाची ताकदही नेमकी तेव्हाच कमी होते. भट्टीवाल्याला सतरा पैशांत जे जमते, ते हातगाडीवाल्याला दोन रुपये मोजूनही जमत नाही.

काही फेरीवाले यावर साधा उपाय करतात. लोखंड आले तसे विकून टाकतात आणि तांबे-पितळ घरात एका पेटीत जमवून ठेवतात. जागा कमी लागते, गंजायची भीती नाही आणि सण उलटून गेल्यावर बाजार उघडला की ते निवांत विकता येते.

पितळेची मोड आणि जामनगरची सुट्टी

घरच्या लोकांचा संबंध सर्वांत जास्त येतो तो पितळ-तांब्याच्या मोडीशी. धनत्रयोदशीला नवे भांडे घ्यायचे आणि जुने मोडीत द्यायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. त्यामुळे वर्षातली सर्वाधिक मोड याच आठवड्यात दुकानांत येते. आणि पितळी सुट्या भागांचे देशातले मोठे केंद्र असलेले जामनगर नेमके याच वेळी बंद होते. गुजरातेत दिवाळीनंतर लाभपंचमीला मुहूर्त करून धंदा सुरू करायची पद्धत आहे, आणि कामगार परगावचे असले की प्रत्यक्ष उत्पादन त्यानंतरही काही दिवस रेंगाळते. वडोदऱ्यातल्या मराठी वाचकांना हे सांगायला नको. पुरवठा शिगेला आणि मोठा गिऱ्हाईक सुट्टीवर, त्यामुळे पितळेला या आठवड्यात चांगला भाव मिळणे अवघडच.

भांड्याच्या दुकानात मोड देताना आणखी एक गोष्ट असते. दुकानदार मोडीचा भाव वाढवून सांगतो आणि नव्या भांड्याच्या दरात ते भरून काढतो, किंवा नवे स्वस्त दाखवून मोड पाडून घेतो. दोन्ही दर स्वतंत्रपणे विचारावेत, नव्याचा किलोचा भाव आणि मोडीचा रोख भाव. बदली न करता नुसती मोड दिली तर किती रोख देणार, हा प्रश्न टाकला की खरा आकडा बाहेर येतो. कथिल लावलेल्या आणि झाळलेल्या भांड्यांना घट धरतात, ते मात्र रास्त आहे.

दूरच्या देशांतल्या सुट्ट्या

लोखंडाचा रेट बराचसा आसपासच्या भट्ट्यांवर ठरतो. तांबे, ॲल्युमिनियम, जस्त, शिसे यांचे तसे नाही. त्यांचा आधार लंडन मेटल एक्स्चेंज आणि आपल्याकडे एमसीएक्स. लंडनचा बाजार गुड फ्रायडेपासून ईस्टर मंडेपर्यंत, म्हणजे शनिवार-रविवार धरून सलग चार दिवस बंद असतो. नाताळ आणि नववर्षालाही बंद. त्या दिवसांत बेळगावातला तांब्याचा व्यापारी भाव सांगताना हात राखून सांगतो, कारण बाजार उघडल्यावर काय होईल याची जोखीम त्याच्यावर असते. एमसीएक्स आपल्या बहुतेक सणांना सकाळी बंद आणि संध्याकाळी पाचनंतर चालू असते. म्हणून सणाच्या दिवशी सकाळी सांगितलेला तांब्याचा भाव आदल्या रात्रीचा असतो, हे विकणाऱ्याने समजून असावे.

सर्वांत मोठी सुट्टी चीनची. त्यांचे नवे वर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या दरम्यान कधीतरी येते, कारण तेही चंद्रावर चालते. जगातले निम्म्याहून अधिक पोलाद आणि निम्म्याहून अधिक तांब्याचा वापर त्या एकाच देशात. सरकारी सुट्टी आठवडाभराची असली तरी कारखाने प्रत्यक्षात दोन-तीन आठवडे मंद असतात. सुट्टीआधी साठा करण्यासाठी खरेदी, मग शांतता, मग कामगार परतल्यावर पुन्हा हालचाल. आपल्या दिवाळीचेच मोठे रूप. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा आणखी एक मोठा बंद असतो, आणि काही वर्षी तो आपल्या दसऱ्यावरच येतो.

लोखंडी भंगार आयात करणाऱ्या देशांत तुर्कस्तान सर्वांत पुढे. तिथे ईदच्या सुट्टीत गिरण्यांची खरेदी थांबली की समुद्रावरच्या मालाचा भाव ढिला पडतो आणि त्याची झळ न्हावा शेवापर्यंत येते. अमेरिका-युरोपात नाताळात गोळा करणारे सुट्टीवर, त्यात बर्फ. त्या काळात कमी भरलेले कंटेनर इथे पोचायला महिना-दीड महिना लागतो. डिसेंबरातली तिकडची सुट्टी आपल्याला फेब्रुवारीच्या आसपास जाणवते, आणि तोवर तिचे कारण सगळे विसरलेले असतात.

होळी, रमजान, गावच्या यात्रा

होळीला पुन्हा बिहार-उत्तर प्रदेशचे कामगार गावी जातात, पण ही सुट्टी दिवाळीइतकी सार्वत्रिक नसते. त्याच सुमाराला मार्चअखेर असते. रेल्वे आणि सरकारी कंपन्या वर्षाचे लक्ष्य गाठायला लिलावांचा जोर वाढवतात आणि बाजारात माल येतो. इंदुरात होळीपेक्षा रंगपंचमी मोठी, गेरीच्या दिवशी बाजार बंद. सौराष्ट्रात जन्माष्टमीला आठवडाभर कारखाने ओस पडतात, त्यामुळे राजकोटकडे माल पाठवणाऱ्यांनी श्रावणातही कॅलेंडर बघायला हवे.

सीमाभागात भंगाराच्या धंद्यात मुस्लिम व्यापारी आणि कारागीर बऱ्याच संख्येने आहेत. रमजानमध्ये काम बंद नसते, वेळा बदलतात. ईदला दोन-तीन दिवस गोदामे बंद. हिजरी वर्ष दर वर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकते, म्हणून ईदचा परिणाम एकाच ऋतूत शोधून सापडत नाही. बेळगाव तालुक्यातल्या लक्ष्मी यात्रांचा मात्र अंदाज येतो. गावात यात्रा असली की त्या गावचे कामगार आठवडाभर दिसत नाहीत, आणि एखाद्या छोट्या फाउंड्रीतले निम्मे लोक एकाच गावचे असतील तर भट्टी थांबतेच. याची नोंद कुठल्याच सुट्ट्यांच्या यादीत नसते.

हद्द ओलांडताना

सीमाभागात सुट्टीचा आणखी एक पदर आहे. १ नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सवाची सुट्टी, त्याच दिवशी बेळगावातले मराठी भाषक काळा दिन पाळतात. कारण काहीही असो, त्या दिवशी शहरातून मालाची गाडी भरली जात नाही. काही वर्षी हा दिवस ऐन दिवाळीत येतो आणि सुट्टी लांबते. १ मे मात्र दोन्हीकडे सारखाच, इकडे कामगार दिन आणि तिकडे महाराष्ट्र दिनही.

५० हजारांपेक्षा जास्त किमतीचा माल दुसऱ्या राज्यात न्यायचा तर ई-वे बिल लागते. २०० किलोमीटरपर्यंतच्या अंतराला त्याची मुदत एक दिवस, म्हणजे बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत. बेळगाव ते कोल्हापूर त्यात आरामात बसते. पण लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी बिल काढून गाडी रवाना केली आणि पलीकडे गेटवर उतरवून घ्यायला माणूसच नसला, तर मुदत संपते. ती वाढवता येते, मात्र संपण्याच्या आठ तास आधी ते आठ तास नंतर एवढ्याच काळात. सणाच्या रात्री हे कोण लक्षात ठेवणार! अनुभवी वाहतूकदार म्हणूनच दिवाळीआधीचे दोन दिवस पलीकडच्या काट्यावर माणूस आहे ना, याची खात्री करूनच गाडी सोडतात.

१० ऑक्टोबर २०२४ पासून आणखी दोन नियम आले. नोंदणी नसलेल्याकडून नोंदणीकृत व्यापाऱ्याने धातूचे भंगार घेतले, तर १८ टक्के जीएसटी घेणाऱ्याने स्वतः भरायचा. आणि नोंदणीकृत दोघांमधला व्यवहार अडीच लाखांच्या वर गेला, तर घेणाऱ्याने २ टक्के टीडीएस कापायचा. कापलेली रक्कम नंतर विकणाऱ्याच्या खात्यात जमा होते, पण दिवाळीपूर्वी हातात येणारे पैसे तेवढे कमी होतात. वरच्या उदाहरणातल्या ७ लाखांवर जीएसटी १ लाख २६ हजार होतो. त्याची वजावट पुढे मिळते, तरी महिनाभर पैसे अडकतात. सणाआधी साठा करण्याची छोट्या व्यापाऱ्याची ऐपत कमी होण्यामागे व्याजापेक्षा हा अडकलेला पैसा जास्त आहे.

एक जुनी अडचण मात्र गेली. पूर्वी बँका सलग तीन दिवस बंद म्हणजे पेमेंट बंद, आणि पेमेंट नाही तर माल नाही. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते. आता बँकेला सुट्टी होती ही सबब चेकने पैसे देणाऱ्यालाच उरली आहे. उधारीवर माल उचलणारे अर्थातच आजही ती वापरतात.

रेटची तुलना कशी करावी

गेल्या ऑक्टोबरात रेट इतका होता, या ऑक्टोबरात तितका, म्हणून बाजार पडला, असे व्यापारीही सहज बोलून जातात. पण २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते आणि २०२५ मध्ये २०-२१ ऑक्टोबरला. पहिल्या वर्षीचा ऑक्टोबर हा पूर्ण जोरात चाललेल्या भट्ट्यांचा महिना, दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबराचा शेवटचा आठवडा छठच्या सुट्टीत गेलेला. अधिक मास आला की हा फरक आणखी सरकतो. तारखेला तारीख लावण्यापेक्षा दसऱ्याच्या आधीचा आठवडा, दिवाळीच्या आधीचा आठवडा आणि तुळशीच्या लग्नानंतरचा आठवडा असे तीन रेट दर वर्षी वहीत लिहून ठेवले, तर दोन-तीन वर्षांत स्वतःच्या भागाचा कल कळतो. लिहिताना मालाचा प्रकार, काटा कोणाचा, घट किती धरली आणि पैसे रोख की उधार, हेही शेजारी लिहावे. उधारीचा ३६ आणि रोखीचा ३५ यांत कोणता चांगला, हे पैसे किती दिवसांनी आले त्यावर अवलंबून असते.